एटापल्लीचा दाखला आणि पॉलिगॉनची साखळी

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत २०२२ साली जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवायला सुरुवात झाली. योजना सुमारे ६५ हजार दाखल्यांची. साखळी निवडली पॉलिगॉन, जिच्यावर एरवी क्रिप्टोचे व्यवहार चालतात. इतक्या दुर्गम तालुक्यात हे कशासाठी, तर बनावट दाखल्यांसाठी. खोट्या दाखल्यावर कुणीतरी आदिवासींची राखीव जागा बळकावतो, ही राज्याची जुनी जखम आहे. असे लाभ राखता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला तो महाराष्ट्रातल्याच प्रकरणांत.

साध्या क्यूआर कोडने हे थांबत नाही. बनावट दाखल्यावरचा कोड हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या खोट्या संकेतस्थळाकडे नेता येतो. शिवाय सरकारी सर्व्हरवरची नोंद आतल्याच माणसाने बदलली, तर बाहेरच्याला पत्ता लागत नाही.

ब्लॉकचेनची पद्धत वेगळी. दाखल्यावरचा मजकूर एका गणिती सूत्रातून काढला की ठरावीक लांबीचा हॅश मिळतो. एसएचए-२५६ हे सूत्र वापरले तर तो ६४ चिन्हांचा असतो. याला मजकुराच्या अंगठ्याचा ठसा समजा. मजकुरात ‘गोवारी’च्या जागी ‘गोंड गोवारी’ केले, तर ६४ चिन्हे पार वेगळी येतात. अनुसूचित जमातींच्या यादीत यातले दुसरे नाव आहे, पहिले नाही. म्हणजे त्या एका शब्दावर एखाद्याची मेडिकलची जागा ठरते.

दाखला देणारे कार्यालय हा हॅश आपल्या गुप्त किल्लीने सही करून साखळीवर टाकते. अनेक नोंदींचा मिळून एक ब्लॉक होतो आणि प्रत्येक ब्लॉकमध्ये आधीच्या ब्लॉकचा हॅश असतो. म्हणून जुनी नोंद बदलली की पुढची सगळी जुळणी फिसकटते आणि जगभर प्रती ठेवणाऱ्या संगणकांना ती विसंगती लगेच दिसते. क्रिप्टोचा संबंध इथेच येतो. नोंदी तपासणाऱ्यांनी साखळीचे चलन तारण ठेवलेले असते. लबाडी केली तर ते जप्त होऊ शकते. नोंदीचे शुल्कही त्याच चलनात भरावे लागते.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. साखळीवर दाखला जाऊ नये, फक्त हॅश जावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने नागरिकाला आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला आहे, आणि सार्वजनिक साखळीवरून काहीच पुसता येत नाही. पण नुसता हॅश म्हणजे गोपनीयता, असेही नाही. समजा, नुसत्या आधार क्रमांकाचा हॅश साखळीवर टाकला. हा क्रमांक १२ अंकी. शक्य क्रमांक फार तर एक लाख कोटी. चांगला संगणक ते सगळे सूत्रातून काढून काही मिनिटांत ‘हा हॅश कोणाचा’ ते शोधेल. उपाय सोपा आहे: हॅश काढण्याआधी माहितीत एक लांबलचक यादृच्छिक संख्या मिसळायची आणि ती साखळीबाहेर, दाखल्यासोबतच ठेवायची. कोणतेही खाते ब्लॉकचेनची घोषणा करते तेव्हा हे केले आहे का, ते आधी विचारावे.

सुरक्षेचे दुसरे दार म्हणजे किल्ली. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो बाजारातून सुमारे दोन हजार कोटी रुपयांचे चलन चोरीला गेले. तेव्हा साखळी कुठेही तुटली नव्हती. व्यवहाराला अनेकांच्या सह्या लागतील अशी व्यवस्थाही होती. चोरट्यांनी त्या सह्याच मिळवल्या, आणि साखळीने योग्य सह्यांचा व्यवहार बिनबोभाट नोंदवला.

दाखल्यांचेही तसेच. अनुसूचित जमातीच्या दाव्याला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो: आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा कोतवाल बुकातली नोंद. ती नोंद खरी की मागाहून घुसवलेली, हे हॅशला कळत नाही. ते कागद, शाई आणि नातेसंबंध तपासणाऱ्या पडताळणी समितीनेच पाहायचे. तसेच, दाखला देणाऱ्या उपविभागीय अधिकाऱ्याची बदली झाली की त्याच दिवशी त्याची किल्ली रद्द झाली पाहिजे. नाहीतर तिच्या सहीने निघालेला खोटा दाखला साखळीवर इतर दाखल्यांइतकाच अस्सल ठरेल.