मेंढा-लेखा : जमीन ग्रामसभेच्या नावावर

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा हे जेमतेम पाचशे वस्तीचं गोंडांचं गाव. शेजारच्या लेख्याशी जोडून त्याचं नाव घेतात. २०१३ साली इथल्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनींची मालकी ग्रामसभेच्या स्वाधीन केली. शेत ज्याचं तोच कसतो, पीक त्याच्याच घरी येतं, वहिवाट मुलाबाळांकडे जाते; गावाबाहेरच्याला विकण्याची वाट मात्र बंद.

हे झालं ते महाराष्ट्राच्या १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली. विनोबांच्या भूदानातून निघालेल्या या विचाराला पुष्कळ गावांनी भरात होकार दिला आणि पुढे विसरूनही गेली. आजच्या इस्रायलमध्ये १९२१ साली वसलेल्या नहलाल या मोशावचा, म्हणजे सहकारी शेतीगावाचा, पायाही असाच: जमीन ज्यू राष्ट्रीय निधीची, शेती ज्याची त्याची, खरेदी-विक्री एकत्र. पण नहलालचा आराखडा ठरवून आखलेला होता. मेंढ्यात जमिनी कधीच्या वाटल्या गेल्या होत्या, त्यामुळे माणसांची मनं वळवावी लागली.

ते काम फार आधी सुरू झालं होतं. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं. त्याच हवेत गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावात अभ्यासगटांची रीत पाडली. आधी विषय समजून घ्यायचा, मग ग्रामसभेत मांडायचा. मतदान नाही, निर्णय सर्वसहमतीनं. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीत.

या सवयीचं फळ आधी जंगलात मिळालं. वनहक्क कायद्याखाली २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वनखात्याचा वाहतूक परवाना आडवा येई. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर गावानं बांबूचा सौदा स्वतः केला.

याउलट आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या संत्रापट्ट्यात संत्र्याचा बहार झाडावर असतानाच व्यापाऱ्याशी बोलणी होतात आणि प्रत्येक बागायतदार तिथे एकटा असतो. त्यावर सहकाराचा तोडगा सुचवायला कुणी ना कुणी असतंच. मेंढ्यानं मात्र आधी एकत्र बसायची सवय लावली, मग जंगल मिळवलं, आणि जमीन सगळ्यात शेवटी दिली. आपल्याकडे क्रम बहुधा उलटा: आधी संस्थेची नोंदणी, मग अध्यक्ष, आणि सभासदांना विचारायचं ते अगदी शेवटी.