फवारणीच्या ड्रोनला पायलट लागतो, मग शस्त्र लावलेल्या ड्रोनला?

समजा, जालना जिल्ह्यातल्या एखाद्या गावात तणनाशक फवारायला ड्रोन मागवलाय. पायलट स्क्रीनवर शेताची हद्द आखून देतो आणि ड्रोन आपल्या आपण एका काकरीवरून दुसऱ्या काकरीवर जातो. पण वाऱ्याने औषध शेजाऱ्याच्या कपाशीवर गेलं, तर? बांधावर भांडण होणार आणि ते ड्रोनशी नाही, तर तो उडवणाऱ्या माणसाशी होणार.

कायदाही हेच धरून चालतो. ड्रोन नियम २०२१ नुसार असा ड्रोन चालवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. म्हणजे मशीन कितीही हुशार असलं, तरी जबाबदार माणूस ठरलेला असतो.

आता याच ड्रोनवर औषधाच्या टाकीऐवजी स्फोटकं आहेत असं धरा. कुणाला मारायचं हेही तोच ठरवतोय. चूक झाली तर पकडायचं कुणाला? जगभरात गेली दहा-बारा वर्षं याच प्रश्नावर एक मोहीम सुरू आहे.

हे सगळं फार लांबचं आहे का?

तसं नाही. जालन्यावरून जाणारा समृद्धी महामार्ग धरला की टोकाला नागपूर लागतं. तिथल्या सोलर इंडस्ट्रीजच्या इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्हज या कंपनीने ‘नागास्त्र-१’ बनवलं. जून २०२४ मध्ये त्याचे पहिले १२० नग लष्कराला मिळाले. एकूण ऑर्डर होती ४८० नगांची.

याला म्हणतात ‘लॉइटरिंग म्युनिशन’, बोलीभाषेत आत्मघाती ड्रोन. वजन साधारण ९ किलो. तो हवेत घिरट्या घालतो आणि लक्ष्य दिसलं की त्यावर जाऊन फुटतो. माणूस थेट नियंत्रण ठेवून असेल तर पल्ला १५ किलोमीटर, ऑटोनॉमस मोडमध्ये ३०.

‘ऑटोनॉमस’ शब्द वाचून दचकू नका. आपोआप उडणं वेगळं आणि कुणाला मारायचं ते आपोआप ठरवणं वेगळं. फवारणीचा ड्रोनही आपोआप उडतोच की.

नागास्त्रची खरी गंमत त्याच्या पॅराशूटमध्ये आहे. लक्ष्य सापडलं नाही किंवा मोहीम रद्द झाली, तर ते माघारी बोलावता येतं आणि पॅराशूटने अलगद खाली उतरवून पुन्हा वापरता येतं. ज्या घरात शत्रू आहे असं वाटलं, तिथे अंगणात पोरं खेळताना दिसली, तर ‘थांब’ म्हणायची सोय माणसाकडे राहते. मोहिमेची मागणीही हीच आहे की, ही सोय प्रत्येक देशाला कायद्याने बंधनकारक करा.

मग माणूस बाजूला का पडतोय?

मुख्य कारण जॅमिंग. शत्रूने रेडिओ सिग्नल तोडला की ड्रोनचा पायलटशी संपर्क संपतो. त्यावर सोपा तोडगा म्हणजे निर्णयही ड्रोनवरच सोपवायचा. शिवाय एकाच वेळी शेकडो ड्रोन आले, तर प्रत्येकामागे एक माणूस बसवणं अवघड जातं.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये लिबियाबद्दल एक अहवाल दिला. २०२० च्या लढाईत माघार घेणाऱ्या फौजेवर ‘कार्गू-२’ या तुर्की बनावटीच्या ड्रोनसारखी शस्त्रं वापरली गेली आणि ऑपरेटरशी संपर्क नसतानाही हल्ला करता येईल असं त्यांचं प्रोग्रॅमिंग होतं, असं त्यात म्हटलंय. त्यांनी कुणाचा जीव घेतला का, हे मात्र अहवालात स्पष्ट नाही.

मोहीम नेमकं काय मागतेय?

‘स्टॉप किलर रोबोट्स’ ही मोहीम २०१३ मध्ये लंडनमध्ये जाहीरपणे सुरू झाली. त्यांच्या मागण्या मुख्यतः दोन. माणसांना लक्ष्य करणाऱ्या स्वयंचलित शस्त्रांवर बंदी घाला. आणि बाकीच्या शस्त्रांवर माणसाचं खरंखुरं नियंत्रण राहील असे नियम करा. म्हणजे मशीन ‘मारू का?’ विचारतंय आणि माणूस दोन सेकंदात न बघता बटण दाबतोय, असं नको.

ऑक्टोबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अँटोनियो गुटेरेस आणि आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या अध्यक्ष मिर्याना स्पोल्यारिक यांनीही २०२६ पर्यंत असा करार करा, असं आवाहन केलं.

भारताची भूमिका काय?

इथे गोष्ट जरा गुंतागुंतीची होते. २०१७ आणि २०१८ मध्ये जिनिव्हात या विषयावर सरकारी तज्ज्ञांचा गट बसला, त्याचे अध्यक्ष भारताचे राजदूत अमनदीप सिंग गिल होते. शस्त्र वापरण्याच्या निर्णयाची जबाबदारी माणसाचीच राहील, ती मशीनवर ढकलता येणार नाही, हे तत्त्व याच गटातून पुढे आलं.

पण डिसेंबर २०२३ मध्ये या शस्त्रांवरचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत आला, तेव्हा १५२ देश बाजूने होते आणि ४ विरोधात. त्या चारमध्ये भारत होता. पुढच्या वर्षी १६६ देशांनी पाठिंबा दिला, तेव्हा भारत तटस्थ राहिला.

कारण काय? जबाबदारी माणसाची, हे भारताला मान्य आहे. पण बंधनकारक करार आत्ताच करणं घाईचं होईल, युद्धाचे सध्याचे कायदे या शस्त्रांनाही लागू होतात आणि चर्चा जिनिव्हातच व्हावी, कारण मोठ्या लष्करी ताकदी तिथे आहेत, असं भारताचं म्हणणं. दोन अण्वस्त्रधारी शेजारी असलेल्या देशाला आपले हात आधीच बांधून घ्यायचे नाहीत, हेही समजण्यासारखं आहे.

अडचण अशी की जिनिव्हात निर्णय सर्वसहमतीने होतात. एका देशाने नाही म्हटलं, तरी गाडी अडते.

आधी असं कधी जमलंय का?

जमलंय. माणसाला कायमचं आंधळं करणाऱ्या लेझर शस्त्रांवर १९९५ मध्येच बंदी आली, ती रणांगणात सर्रास वापरली जाण्याआधी. तो करार भारतालाही मान्य आहे. उलट, भूसुरुंगांवर १९९७ मध्ये करार झाला तोपर्यंत ते अनेक देशांच्या जमिनीत पेरले गेले होते. सुरुंगावर पाय सैनिकाचा पडला की गुराख्याचा, हे त्याला कळत नाही. त्या करारात भारत आजही नाही.

मग जालन्यातल्या माणसाने काय करायचं?

आंतरराष्ट्रीय करारावर सही करायची की नाही, हे आपल्याकडे केंद्र सरकार ठरवतं. तो देशात लागू करण्यासाठी कायदा करायचा अधिकार राज्यघटनेच्या कलम २५३ ने संसदेला दिलाय. म्हणजे आपल्या खासदाराला हा प्रश्न लोकसभेत विचारता येतो. जिनिव्हातल्या गटाला दिलेली मुदत २०२६ च्या आढावा परिषदेपर्यंतची आहे. ‘थांब’ म्हणायची सोय नागपूरच्या ड्रोनमध्ये ठेवता आली, तर ती कायद्यात लिहायला भारताची नेमकी हरकत काय, एवढं तरी सरकारला विचारायला हवं.