गाणं ऐकवणं आणि बरोबर गाणं

आज आपण लहान मुलांची वाढ आणि संगीत यांच्याविषयी बोलणार आहोत. पालकांचा यावर नेहमीचा प्रश्न असतो : संगीतानं मूल हुशार होतं का?

या प्रश्नामागे एक जुनी समजूत आहे. १९९३ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. दहा मिनिटं मोझार्टची एक रचना ऐकल्यावर काही जणांनी आकृत्यांची कोडी थोडी अधिक चांगली सोडवली. पण ते कॉलेजचे विद्यार्थी होते, आणि हा परिणाम पंधरा मिनिटांच्या आत ओसरला. तरीही १९९८ मध्ये तिथल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला संगीताची सीडी द्यायचं ठरवलं. बाळांवर तो प्रयोग झालाच नव्हता, बरं का!

मग बाळाला संगीतातलं काय कळतं? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन-तीन दिवसांच्या, झोपलेल्या बाळांना ठेका ऐकवला. मधेच सम गाळली, तर त्यांच्या मेंदूनं ती चूक टिपली. बोलणं यायला अजून वर्ष आहे, पण तालाची अपेक्षा जन्मापासून आहे.

आता खरा मुद्दा. जर्मनीत लाइपझिगच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार वर्षांच्या ९६ मुलांच्या जोड्या केल्या. काही जोड्या एकत्र गायल्या, नाचल्या, वाद्यं वाजवली. बाकीच्यांनी तोच खेळ गाण्याशिवाय खेळला. नंतर एकाच्या हातातल्या गोट्या सांडल्या, तेव्हा एकत्र गाणारी मुलं मदतीला अधिक धावली. असं का व्हावं? गाताना दुसऱ्याकडे लक्ष द्यावं लागतं. तो कुठे थांबतो, कुठे उचलतो, ते पाहून स्वतःला आवरावं लागतं. हे नुसतं ऐकून येत नाही.

ॲरिस्टॉटलनं हाच प्रश्न विचारला होता. दुसरे गातात, आपण ऐकावं. मुलांनी स्वतः कशाला शिकायचं? त्याचं उत्तर असं, की ज्यानं स्वतः भाग घेतला नाही, त्याला चांगल्यावाईटाची पारख करणं कठीण. तिथंच तो खुळखुळ्याचंही कौतुक करतो : मूल त्यात रमलं, की घरातल्या वस्तू फोडत नाही!

आपल्याला एवढ्या लांब जायचीही गरज नाही. आपल्या वऱ्हाड-खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. महिनाभर मुली घरोघरी गाणी म्हणतात. त्यातल्या कित्येक गाण्यांत एकेक गोष्ट वाढत जाते. म्हणजे मागचं लक्षात ठेवायचं आणि पुढचं जोडायचं. हा स्मरणाचा व्यायामच झाला. टिपऱ्यांनी हात आणि कान एकत्र चालतात. शेवटी खिरापतीचा डबा वाजवून आत काय आहे ते ओळखायचं. हे तर कानाचंच शिक्षण! धाकटी बहीण मोठीच्या मागोमाग म्हणत शिकते. ‘तुझा सूर चुकला’ म्हणून तिला कुणी बाहेर काढत नाही.

मला काळजी वाटते ती इथं. आज घरात गाणी भरपूर आहेत, पण ती मोबाइलमधून येतात. मोबाइल मुलासाठी थांबत नाही. मूल अडखळलं, तर आई लय धीमी करते. त्याला हसू आलं, तर तेच कडवं पुन्हा म्हणते. यंत्राला हे जमत नाही.

पण पुष्कळ आया-बाबा म्हणतात, ‘सर, आम्हाला गाता येत नाही.’ अहो, मूल परीक्षक नाही. आईचा आवाज ते जन्माआधीपासून ऐकत आलेलं असतं. तुम्ही बेसूर गायलात, तरी त्याला तोच हवा असतो.

क्लासला जरूर पाठवा, पण त्यातून गणितात मार्क वाढतील असा हिशेब धरू नका. रोज रात्री दहा मिनिटं मोबाइल बाजूला ठेवा. एक ओळ तुम्ही म्हणा, दुसरी त्याला म्हणू द्या. तो विसरला तर थांबा. आठवेपर्यंत वाट पाहणं हेही त्या गाण्यातच आलं.