भूत बंगल्याचं तिकीट काढण्याआधी : मुलांना कितव्या वर्षी न्यावं?

माहीमच्या मखदूम बाबांचा उरूस असो, गावची जत्रा असो की उन्हाळी सुट्टीतला आनंद मेळा. आकाश पाळणा, टोराटोरा आणि ब्रेक डान्सच्या रांगेत भूत बंगल्याचा एखादा काळा तंबू बऱ्याचदा दिसतो. बाहेर हडळीचं मोठं चित्र, लाऊडस्पीकरवर किंकाळ्या आणि तिकीटखिडकीसमोर एक ठरलेलं भांडण. मोठा म्हणतो, "अब्बू, जायचंच!" धाकटा अम्मीच्या ओढणीमागे लपतो. आणि सोबत आलेले एखादे मामू हसत म्हणतात, "अरे चल, मर्द आहेस ना?"

काही वर्षांपूर्वी असं म्हणणारा मामू मीच होतो. भाचा सहा वर्षांचा. तो नको नको म्हणत असताना मी त्याला उचलून आत नेलं. आत जेमतेम दोन-तीन मिनिटं. बाहेर आलो तेव्हा तो रडत होता आणि आम्ही सगळे हसत होतो. बर्फाचा गोळा घेऊन दिला, विषय संपला असं वाटलं. पण पुढचा महिनाभर तो रात्री एकटा बाथरूमला जाईना, दिवा बंद करू देईना. त्याहून जास्त टोचलं ते वेगळंच. "मामूसोबत चल" म्हटलं की तो अम्मीचा हात घट्ट धरायचा.

तेव्हापासून ओळखीतल्या पालकांनी "कितव्या वर्षी न्यावं?" असं विचारलं की मी घाईने आकडा सांगत नाही. ढोबळ वयं सांगता येतात, ती पुढे दिलीच आहेत. पण त्याआधी लहान मुलाच्या डोक्यात भीती कशी काम करते, हे समजून घेऊया.

लहान मुलाला "खोटं आहे" हे का पटत नाही?

दोन वर्षांपासून साधारण सात वर्षांपर्यंतची मुलं एखादी गोष्ट जशी दिसते तशीच खरी मानतात, असं स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मांडलं होतं. पुढच्या संशोधकांनी या मांडणीत बरीच दुरुस्ती केली, पण आपल्या विषयापुरता मुद्दा टिकून आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला "तो माणूस आहे, मुखवटा घातलाय" असं सांगितलं तर तो मान हलवतो. पण तोच मुखवटा अंधारात समोर आला की ऐकलेलं सगळं विसरतो. डोळ्यांना दिसतं तेच खरं ठरतं.

अमेरिकेतील संशोधक जोअॅन कँटर यांनी मुलांना पडद्यावरच्या गोष्टींची भीती कशी वाटते, याचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यातलं एक निरीक्षण बोलकं आहे. 'द इन्क्रेडिबल हल्क' या टीव्ही मालिकेतला हल्क लोकांना वाचवणारा. पण त्याचं हिरवं, राक्षसी रूप पाहून सर्वांत लहान मुलंच जास्त घाबरायची. मोठ्या मुलांना कळायचं की हा तर मदतीला आलाय. म्हणजे लहान मूल रूपाला घाबरतं. मोठं मूल खरोखर घडू शकेल अशा गोष्टीला घाबरतं : अपघात, चोर, आई-वडिलांना काही होणं.

शरीराचंही तसंच आहे. अचानक काही अंगावर आलं की मेंदू विचार करायच्या आधीच धोक्याची घंटा वाजवतो. छाती धडधडते, तळहाताला घाम येतो. मोठ्या माणसाचा मेंदू क्षणभरात स्वतःला सांगतो, "हा खेळ आहे." भीतीला असा लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. सहा वर्षांच्या पोराकडून तो लगाम मागणं म्हणजे त्याच्याकडून न झेपणारं वजन उचलून घेणं.

मग भीतीत मजा येते ती कशी?

येते, आणि त्यात वावगं काही नाही. लपाछपी, पाठशिवणी, झोक्यावर उंच जाणं, या सगळ्यात थोडी भीती असतेच. अशा खेळांतून मूल शिकतं की धडधड वाढते आणि नंतर कमीही होते.

डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी एका भयघरात जाणाऱ्या ११० जणांच्या हृदयाची धडधड मोजली. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं की भीती फार कमी असेल तर मजा नाही, आणि फार जास्त झाली तरी मजा नाही. मजा मधल्या टप्प्यात असते. चहातल्या साखरेसारखं समजा. फरक इतकाच की पाच वर्षांच्या मुलाचा चमचा वेगळा आणि पंधरा वर्षांच्या मुलाचा वेगळा.

सगळे भूत बंगले सारखे नसतात

वय ठरवण्याआधी आत काय आहे ते पाहायला हवं. ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला, गाडीत बसून फिरण्याचा. रूळ ठरलेले, बाहुल्या आणि दिवे ठरलेले, कोणी अंगावर येत नाही. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये ९ ऑगस्ट १९६९ रोजी सुरू झालेलं 'हाँटेड मॅन्शन' याच जातीचं. तिथे उंचीची अट नाही.

दुसरा, चालत जाण्याचा. अंधारी वाट, हलणारे सापळे, अचानक आवाज. आपल्या मेळ्यांतले बरेच तंबू असे असतात.

तिसरा, जिवंत कलाकारांचा. मेकअप केलेली माणसं अंधारातून धावत येतात, कानाशी किंचाळतात. अमेरिकेतल्या युनिव्हर्सल स्टुडिओजच्या 'हॅलोवीन हॉरर नाइट्स'साठी १३ वर्षांखालच्या मुलांना आणू नये, असं आयोजक स्वतःच सांगतात.

आणखी एक गैरसमज दूर करूया. पार्कात "इतकी उंची असेल तरच प्रवेश" असा फलक असतो, तो पट्टा, सीट आणि वेग यांच्यासाठी. मूल उंचीत बसलं म्हणजे मनानेही तयार झालं, असं होत नाही.

वयाचा ढोबळ अंदाज

*पाच वर्षांपर्यंत :* नको. गाडीत बसण्याचाही नको. कडेवर घेतलं, डोळे झाकले, तरी आवाज कानात जातातच.

*सहा ते सात :* सहसा नको. फार हट्ट असेल तर दिवसा बाहेरची चित्रं पाहू द्या, बाहेर येणारी माणसं हसताना दाखवा. बहुतेकांची हौस तिथेच भागते.

*आठ ते दहा :* मूल स्वतःहून मागत असेल तर गाडीत बसण्याचा सौम्य प्रकार चालेल, तोही मोठ्या माणसाचा हात धरून. अंधाराला घाबरणारं किंवा रात्री दचकून उठणारं मूल असेल तर आणखी एक-दोन वर्षं थांबा.

*अकरा ते बारा :* चालत जाण्याचा प्रकार, सोबत मोठं माणूस हवंच.

*तेरा आणि पुढे :* कलाकारांचा प्रकार, तोही मुलाची इच्छा असेल तरच. पंधरा वर्षांच्या मुलालाही "नको" म्हणायचा हक्क आहे.

नऊ वर्षांची एखादी मुलगी हसत बाहेर येते आणि तिचा तेरा वर्षांचा भाऊ घामाघूम होतो, असंही होतं. म्हणून वयासोबत तीन प्रश्न स्वतःला विचारा. मूल स्वतःहून मागतंय का? "नको" म्हणालं तर आपण ऐकू का? आणि मध्येच बाहेर पडायची सोय आहे का? तिन्हींचं उत्तर "हो" नसेल तर तिकीट काढू नका.

"मग जिन पण खोटे का?"

हा प्रश्न आपल्या घरांत हमखास येतो. नानी-दादीकडून मुलांनी जिनच्या गोष्टी ऐकलेल्या असतात आणि जिन हा आपल्या अकीद्याचाही भाग आहे. अशा मुलाला घाईघाईने "असलं काही नसतंच" म्हटलं की ते गोंधळतं. एकीकडे नसतं म्हणता, दुसरीकडे असतं म्हणता, मग त्या तंबूत होतं ते काय?

उत्तर साधं ठेवा. "बेटा, तंबूत होता तो पगार घेणारा माणूस. तोंडावर रबरी मुखवटा, आवाज स्पीकरचा, धूर मशीनचा. त्याचा जिनशी काही संबंध नाही." खेळ एका बाजूला, श्रद्धा दुसऱ्या बाजूला. आणि "झोप, नाहीतर जिन येईल" ही धमकी तर बंदच करा. दिवसा आपणच पेरलेली भीती रात्री उगवते. झोपताना दुआ पढायची सवय असेल तर ती शांतपणे, जवळ बसून पढा. भीतीवरची शिक्षा म्हणून किंवा घाईत उरकायचं काम म्हणून नको.

आत जाण्याआधी तपासा

सर्वांत महत्त्वाची गोष्ट भुताची नाही, आगीची आहे. ११ मे १९८४ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सीमध्ये एका मनोरंजन पार्कमधल्या 'हाँटेड कॅसल'ला आग लागली आणि आठ किशोरवयीन मुलं मरण पावली. आत फोमचं अस्तर होतं, पाण्याचे फवारे नव्हते, वाट अंधारी आणि वळणांची होती. आपल्याकडे २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या गेम झोनमधल्या आगीत २५ हून अधिक लोक गेले, त्यात मुलंही होती. अंधार, धूर, अरुंद वाट आणि कापड-फोम हे भूत बंगल्यात मुद्दाम एकत्र आणलेलं असतं. म्हणून तंबूला दुसरं दार आहे का, अग्निशामक सिलिंडर दिसतो का, एका वेळी किती लोक सोडतात, हे बघा. कर्मचाऱ्याला विचारायला लाजू नका. उत्तर नीट मिळालं नाही तर सरळ पुढे चला.

दम्याच्या मुलाला आतला धूर त्रास देऊ शकतो. फिट येणाऱ्या मुलांपैकी काहींना लखलखणाऱ्या दिव्यांनी फिट येऊ शकते. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

अंधारात मुलांचा हात सोडू नका. "आत कोणीही तुला हात लावणार नाही. लावला तर मोठ्याने ओरड आणि मला सांग," हे मुलगा-मुलगी दोघांनाही आधीच सांगून ठेवा.

जायचं ठरलंच तर

आधी घरातल्या एका मोठ्या माणसाने एकट्याने आत जाऊन यावं. मग आत काय आहे ते मुलाला सांगावं. सांगितल्याने मजा जात नाही, लहान मुलांची तर वाढते. एक शब्द ठरवा, "बस". तो म्हटला की कोणताही प्रश्न न विचारता बाहेर. एका मुलाला जायचंय आणि दुसऱ्याला नाही, तर एक मोठं माणूस बाहेर थांबेल. "तुझ्यामुळे सगळ्यांची मजा गेली" हे वाक्य कोणीही उच्चारायचं नाही. घाबरलेल्या तोंडाचा व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकू नका.

बाहेर आल्यावर मुलाला बोलू द्या. कोणतं भूत जास्त भीतीदायक होतं, ते विचारा, हवं तर चित्र काढू द्या. दोन-चार रात्री दिवा लावून झोपायचं असेल तर झोपू द्या. पण काही आठवडे उलटले तरी झोप लागत नसेल, शाळेत जायला नको म्हणत असेल, जेवण कमी झालं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि मराठीतही बोलता येतं.

शेवटी हाताचा प्रश्न

मुलं भूत विसरतात. पण आपण घाबरलो तेव्हा जवळच्या माणसाने काय केलं, ते विसरत नाहीत. त्याने हात धरला की खेचलं, ऐकलं की हसलं, हे त्यांच्या लक्षात राहतं.

माझा भाचा आता बारा वर्षांचा आहे. गेल्या सुट्टीत मेळ्यात तो काळ्या तंबूसमोर थांबला. मी काहीच बोललो नाही. थोडा वेळ बघून म्हणाला, "मामू, आज नको. पुढच्या वर्षी बघू." आम्ही आकाश पाळण्याच्या रांगेत जाऊन उभे राहिलो.