गव्हाविना फ्रेंच ताट

फ्रेंच स्वयंपाक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? हातभर लांबीचा कुरकुरीत पाव, पापुद्र्यांचं क्रोसाँ, लोणी, साय, अंडी आणि दाटसर सॉस. यातल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात गव्हाचा मैदा कुठे ना कुठे असतोच. आता अशा देशात एखाद्या माणसाला डॉक्टरांनी सांगितलं की तुम्ही गहू खायचा नाही, अंडं खायचं नाही, कवचाची फळंही खायची नाहीत, तर त्याच्या ताटात उरतं काय? मला वाटतं, बरंच काही उरतं. ते कसं, हे आज सांगायचं आहे.

मी काही पाकशास्त्राचा पदवीधर नाही. मराठी घेऊन बी. ए. झालो आणि पुढचं आयुष्य कवितेच्या नादात घालवलं. पण माझी मुलगी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात, रेन शहरात राहते. तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या नातीला, सहाव्या वर्षी सिलिअ‍ॅक हा आजार असल्याचं निदान झालं. अंडं आणि हेझलनट यांची अ‍ॅलर्जी आधीपासून होतीच. मुलगी-जावई दोघंही नोकरीला जाणारे. तेव्हा दोन वेळा मी तीन-तीन महिने तिथे राहिलो आणि स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. "अब्बा, तुम्ही लिहीत बसा, मी बघते," असं मुलगी म्हणायची. पण नात म्हणायची, "नाना, मला मैत्रिणी खातात तेच हवं." तिच्या या मागणीतून माझा अभ्यास सुरू झाला.

आधी आजार समजून घेऊ. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाच्या पोटात ते गेलं की शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याचं अस्तर झिजतं, अन्न अंगी लागत नाही. लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी १८८८ साली या आजाराचं नेमकं वर्णन केलं आणि उपाय आहारातच सापडेल असंही सांगितलं. पण दोषी कोण, हे कळायला आणखी अर्धशतक जावं लागलं. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांना गव्हाचा संशय होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात, युद्धामुळे तिथे भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. इतर मुलं खंगत असताना ही आजारी मुलं मात्र सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली! डिके यांनी १९५०मध्ये आपल्या प्रबंधात हे सिद्ध करून मांडलं. आज जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो असं मानतात. अनेकांना त्याचा पत्ताही नसतो. औषध एकच, ग्लुटेन जन्मभर बंद.

अ‍ॅलर्जीचं प्रकरण वेगळं. तिथे काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास कोंडू शकतो, जिवावर बेतू शकतं. सिलिअ‍ॅकमध्ये नुकसान गुपचूप होतं. दोन्हींत एक गोष्ट समान आहे : "एवढ्याशानं काय होतंय" हे वाक्य स्वयंपाकघरात उच्चारायचं नाही. युरोपात आणि आपल्याकडेही 'ग्लुटेन-फ्री' असं लिहायचं तर एक किलो पदार्थात २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. आता विचार करा, मैद्याची चाळणी, पोळपाट, लाकडी चमचा, टोस्टर, तळणीचं तेल, एवढ्यानंही ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. म्हणून आमच्या रेनच्या घरात नातीची चाळणी, चमचे आणि तवा वेगळ्या रंगाच्या खुणेनं वेगळे ठेवलेत.

आता स्वयंपाकाकडे वळू. मैदा काढला की त्याच्या जागी दुसरं पीठ घालायचं, असं लोकांना वाटतं. पण आधी विचारायला हवं, की या पदार्थात मैदा कोणतं काम करतोय? फ्रेंच स्वयंपाकात त्याची मुख्य कामं तीन. एक, रस्सा दाट करणं. दोन, खुसखुशीत आवरण देणं. तीन, ताणलं जाणं आणि फुगणं. पहिली दोन कामं दुसऱ्यांना जमतात. तिसरं काम मात्र ग्लुटेनचंच.

पहिलं काम घ्या. लोण्यात मैदा परतून जे दाटण करतात त्याला 'रू' म्हणतात. त्यात दूध घातलं की बेशामेल, मांसाचं किंवा माशांचं फिकं पाणी घातलं की व्हलुते, आणि गडद भाजलेल्या हाडांचं पाणी घातलं की एस्पान्योल. एकोणिसाव्या शतकात कारेम या आचाऱ्यानं सॉसची कुळं लावली, आणि एस्कोफिए यानं १९०३च्या आपल्या 'ल गीद क्युलिनेर' या ग्रंथानं हा सारा संसार शिस्तीत बसवला. अभिजात फ्रेंच स्वयंपाकाचं ते व्याकरणच. गंमत अशी, की याच एस्कोफिएनं लिहून ठेवलंय : रस्सा दाट होतो तो मैद्यातल्या स्टार्चमुळे, बाकीच्या घटकांचा तिथे उपयोग नाही, तेव्हा शुद्ध स्टार्च वापरणंच शहाणपणाचं, मैदा केवळ सवयीनं चालू आहे. म्हणजे आमच्या नातीला परवानगी थेट आद्य आचार्यांकडूनच मिळाली म्हणायची!

घरी करून पाहायचं तर बेशामेलचं प्रमाण देतो. अर्धा लिटर दूध, ४० ग्रॅम लोणी आणि ४० ग्रॅम तांदळाचं बारीक पीठ. लोण्यात पीठ मंद आचेवर दोन मिनिटं परतायचं, रंग बदलू द्यायचा नाही. मग दूध थोडं थोडं घालत घोटायचं. मीठ, मिरपूड, किसभर जायफळ. मक्याचं स्टार्च वापरायचं तर २५ ते ३० ग्रॅम पुरतं, पण ते थंड दुधात कालवून शेवटी घालायचं. बटाट्याचं स्टार्च त्याहून लवकर दाटतं, मात्र जास्त उकळलं तर सैल पडतं. नावारँ नावाचा मटणाचा आणि कोवळ्या भाज्यांचा रस्सा असतो. त्यात मांसावर मैदा भुरभुरतात. आम्ही मैदा गाळतो आणि त्याच रश्शात शिजलेले दोन बटाटे कुस्करून परत घालतो. कुणाला फरक कळत नाही.

दुसरं काम आवरणाचं. टार्टच्या खुसखुशीत कवचात तर ग्लुटेन नकोच असतं. थंड लोणी, कमीत कमी मळणं, ही सगळी धडपड ग्लुटेन जागं होऊ नये यासाठीच. तेव्हा तांदळाचं आणि कुट्टूचं पीठ निम्मं-निम्मं, त्यात लोणी चुरून, चमचाभर गार पाणी घालायचं. ते लाटता येत नाही, तुटतं. म्हणून साच्यात बोटांनी थापायचं.

तिसऱ्या कामाबद्दल मात्र खरं बोलायला हवं. पापुद्र्यांच्या पिठाला तिपेडी घड्या सहा वेळा घातल्या की लोण्याचे ७२९ थर होतात, आणि ते सगळे न फाटता ताणले जातात ते ग्लुटेनमुळे. ग्लुटेन नसलेलं क्रोसाँ बाजारात मिळतं, त्यात डिंक आणि इसबगोल घालून ताण आणलेला असतो. ते खाण्याजोगं असतं, पण क्रोसाँ नसतं. मी कवितेची भाषांतरं केलीत. कधी आशय आणता येतो, कधी लय. आणि काही कविता अशा असतात की त्यांना हात लावू नये, त्याच कवीची दुसरी घ्यावी. स्वयंपाकातही मी तेच केलं. नक्कल करण्यापेक्षा फ्रान्सचंच दुसरं ताट शोधलं.

आणि हे दुसरं ताट फार जुनं आहे. पॅरिसच्या आसपासची सुपीक जमीन गव्हाची. पण ब्रिटनीतली माती आम्लधर्मी, निकस. तिथे गव्हापेक्षा कुट्टू बरा येतो. कुट्टू हे धान्य नव्हेच. ते आपल्या आंबट चुक्याच्या कुळातलं रोप आहे आणि त्यात ग्लुटेन नाही. फ्रेंचमध्ये त्याला 'साराझँ' म्हणतात. मध्ययुगात युरोपीय लोक मुसलमानांना 'सॅरासेन' म्हणत, त्यावरून हे नाव. काळसर आणि परमुलखातून आलेलं धान्य म्हणून. हे कळल्यावर मला हसू आलं. नातीला म्हटलं, "बेटा, हा तर आपला नातेवाईक निघाला!"

या पिठाची गालेत ही ब्रिटनीची रोजची भाकरी म्हणा की धिरडं म्हणा. ३३० ग्रॅम पीठ, १० ग्रॅम जाडं मीठ आणि पाऊण लिटर पाणी. दोनेक तास मुरू द्यायचं, तापल्या लोखंडी तव्यावर लाकडी दांडीनं पातळ पसरायचं, कडा सुटल्या की आत चीज, अळंबी, पालक घालून चौकोनी मुडपायचं. रेनच्या शनिवारच्या लीस बाजारात गालेतच्या गाड्यांपुढे रांगा लागतात. पण तिथेही विचारावं लागतं. काही जण लवचीकपणासाठी पिठात मैदा मिसळतात, काही जण त्याच तव्यावर गव्हाचे गोड क्रेप करतात. शिवाय कुट्टूचीही अ‍ॅलर्जी काहींना असते, हे ध्यानात ठेवायला हवं.

दक्षिणेला नीस शहरात जा, तिथे सोका मिळतो. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. मोठ्या तांब्याच्या परातीत, लाकडाच्या भट्टीत भाजलेला, वर मिरपूड. आपल्याकडच्या माणसाला तो चवीनं लगेच ओळखू येतो. कोर्सिका बेटावर आणि सेव्हेनच्या डोंगरात चेस्टनटचं पीठ. सेव्हेनमध्ये त्या झाडाला 'पावाचं झाड' म्हणत, कारण गरिबांचा पाव तोच होता. नैर्ऋत्येला मक्याच्या पिठाचं मिल्यास. जिथे जिथे गहू परवडला नाही, तिथल्या बायकांनी पोरांचं पोट भरण्यासाठी जे शोधलं, तेच आज आमच्या नातीच्या कामी येतंय.

दूध चालत नसेल तरी हाच मार्ग. उत्तर फ्रान्स लोण्यावर शिजतो, दक्षिण ऑलिव्ह तेलावर. रातातुई ही वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरचीची भाजी. तिला ना दूध, ना अंडं, ना गहू. अंडं वर्ज्य असेल तर मेयोनेझ गेलं. पण प्रॉव्हान्सचं आयोली मुळात लसूण आणि तेल एवढंच खलून करत, त्याच्या नावाचा अर्थही तोच. नातीला चॉकलेट मूस हवं होतं. एर्व्हे तीस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं दाखवून दिलंय, की साधारण २२५ ग्रॅम डार्क चॉकलेट २०० मिलिलिटर पाण्यात वितळवून, भांडं बर्फावर ठेवून फेटलं की ते सायीसारखं फुलतं. अंडं नाही, साय नाही. आणि काबुली चणे शिजवलेलं पाणी फेटलं तर अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस येतो. हे २०१४ साली जगापुढे आणलं जोएल रोसेल या फ्रेंच गायकानं. पाहा, कलावंतही स्वयंपाकघरात उपयोगी पडतात!

मात्र 'ग्लुटेन-फ्री' म्हणजे सगळ्यांना निर्धोक, असं समजू नये. रंगीबेरंगी माकारोंमध्ये गहू नसतो, पण बदाम आणि अंडं असतं. आमच्या नातीला तो बंदच. युरोपच्या कायद्यात चौदा अ‍ॅलर्जीकारक घटकांची यादी आहे. तिच्यात मोहरी आहे, सेलरी आहे, वाइनमधले सल्फाइटही आहेत. म्हणजे साध्या फ्रेंच सॅलडवरचं मोहरीचं ड्रेसिंग, प्रत्येक रश्शाच्या बुडाशी असणारी कांदा-गाजर-सेलरीची फोडणी, सगळंच तपासायचं. वाइन आमच्या घरात येतच नाही. तिच्या जागी आम्ही कच्च्या द्राक्षांचा आंबट रस, व्हेर्जू, वापरतो. तोही अस्सल फ्रेंचच आहे. फ्रान्समध्ये २०१५च्या जुलैपासून हॉटेलांनाही हे घटक लेखी कळवणं बंधनकारक झालं. तरी मी म्हणेन, कागद वाचा आणि आचाऱ्यालाही विचारा. सॉसच्या वड्या, सॉसेज, पाते यांत मैदा कुठे लपलेला असेल सांगता येत नाही.

युनेस्कोनं २०१०मध्ये फ्रेंच भोजनपद्धतीला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. त्यात गौरव आहे तो माणसांनी एकत्र बसून, निवांत, बोलत जेवण्याचा. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तिकडच्या शाळांत अशा मुलांसाठी डॉक्टर, पालक आणि शाळा मिळून लेखी आराखडा ठरवतात. नात घरचा डबा नेते आणि सगळ्यांच्या टेबलावर बसून खाते. पण वाढदिवसाला एखाद्या घरी वेगळ्या बशीत दोन केळी ठेवली जातात, तेव्हा तिचा चेहरा उतरतो. भुकेपेक्षा वेगळं पडण्याचं दुःख मोठं असतं.

म्हणून आमच्या घरी नियम एकच : तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक नाही. सगळ्यांसाठी एकच, आणि तो तिला चालणारा. पाहुण्यांना गालेत, रातातुई, तांदळाच्या पिठाचं बेशामेल घातलेलं ग्रातँ आणि चॉकलेट वाढतो. पोटभर जेवून उठल्यावरही यात गहू नव्हता हे कुणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या ओळखीत असं एखादं मूल असेल, मग ते पुण्यात असो की पॅरिसमध्ये, त्याला जेवायला बोलवा. आधी त्याच्या आईला फोन करून काय चालतं ते नीट विचारून घ्या, भांडी स्वच्छ घासा, आणि मग सगळ्यांच्या ताटात तेच वाढा.