एका पौंडाचं स्मारक

कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांना अंतर सांगावं लागत नाही. ४५ किलोमीटर. पायाला फोड येतात, तरी पुढच्या वर्षी माणूस पुन्हा निघतो. आता देवळापासून आल्या पावली परत फिरायचं, आणि जाताना-येताना सगळं धावतच, अशी कल्पना करा. दक्षिण आफ्रिकेतली ‘कॉम्रेड्स मॅरेथॉन’ साधारण एवढ्या अंतराची आहे. महाराष्ट्रातूनही धावणारे तिकडे जातात.

ती सुरू केली व्हिक क्लॅफम या रेल्वेच्या इंजिन ड्रायव्हरनं. पहिल्या महायुद्धात तो पूर्व आफ्रिकेत शिपाई होता. सुमारे २,७०० किलोमीटर पायपीट त्यानं केली. (याच आघाडीवर हिंदी पलटणीही लढल्या, हे आपल्याकडे फारसं कुणाला आठवत नाही.) परतल्यावर त्याच्या मनानं घेतलं, की सोबत्यांसाठी दगडी स्मारक नको, त्यांनी सोसलं त्यातलं थोडं तरी अंगावर घेणारी शर्यत हवी. माजी सैनिकांच्या संघटनेनं आधी नकारच दिला. अखेर १९२१ मध्ये परवानगी मिळाली आणि खर्चाला एक पौंड, तोही परतफेडीच्या बोलीवर! बँकेत हयात घालवलेल्या माणसाला यात गंमत वाटते. तारण काय, तर इंजिन ड्रायव्हरचा हट्ट.

२४ मे १९२१ ला पीटरमॅरिट्झबर्गहून डर्बनकडे ३४ जण निघाले, १६ पोचले. पीटरमॅरिट्झबर्ग म्हणजे १८९३ मध्ये गांधीजींना गाडीतून उतरवलं तेच गाव. तिथला वर्णभेद शर्यतीतही शिरला. १९२३ मध्ये फ्रान्सिस हेवर्ड या बाईंचा अर्ज नाकारला, तरी त्या धावल्या. १९३५ मध्ये रॉबर्ट म्त्शाली हा कृष्णवर्णीय धावपटू असाच बिनपरवाना धावला. दोघांसारख्यांना रीतसर प्रवेश मिळाला १९७५ मध्ये. सोबत्यांच्या नावानं चाललेल्या शर्यतीत सोबती कोण, हे ठरायला ५४ वर्षं लागली.

आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. गावात त्यांचं स्मारक आहे. पण लढून घरी परतलेल्याचं काय? बँकेत पेन्शनच्या रांगेत असे कितीतरी म्हातारे मी पाहिले. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यावर सही करायला यायचे. काठी बाजूला ठेवून, ताठ उभं राहून सही करायचे. कुठल्या आघाडीवर होतात, असं रांगेतलं कुणी विचारत नसे.

कॉम्रेड्समध्ये ठरलेली वेळ संपली की बंदूक वाजते. वाजवणारा धावणाऱ्यांकडे पाठ करून उभा असतो, कोण किती जवळ आलाय ते त्याला दिसू नये म्हणून. एखादा अगदी दोन पावलांवर असतो. त्यालाही तिथंच अडवतात.