चावी कुणाकडे ठेवायची?

आमच्या वेल्ह्याकडे (सरकारदरबारी आता राजगड तालुका) कुणी भोरला दवाखान्यात निघालं की घराची चावी शेजारच्या काकूंकडे जाते. कधी काकूंकडून चावी हरवली तर थोडी बोलाचाली होते, कुलूप बदललं जातं आणि पुढच्या खेपेला चावी पुन्हा काकूंकडेच! कारण काकू त्याच संध्याकाळी येऊन सांगतात, "बाई, माझ्याकडनं चूक झाली."

गेल्या दिवाळीत माझ्या चुलत्यांना एक फोन आला. बोलणाऱ्याला त्यांचं पूर्ण नाव, बँक, शाखा सगळं पाठ. चुलत्यांनी ओटीपी दिला नाही म्हणून वाचले. पण मला म्हणाले, "आरं, तू कंप्युटर शिकतोस ना? मग माझं नाव-गाव त्याला घावलं कुठनं?" मी गप्प. होस्टेलवर आल्यावर वाचायला घेतलं, त्याचा हा गोषवारा.

आधी याहूची गोष्ट. २०१३ साली त्यांच्याकडे चोरी झाली. जगाला कळलं डिसेंबर २०१६ मध्ये, तेही १०० कोटी खाती म्हणून. २०१७ मध्ये खरा आकडा आला: सगळीच्या सगळी, ३०० कोटी! इथे काकू तीन वर्षांनी आल्या, आणि अर्धवट सांगून गेल्या.

आता थोडं तंत्र. शहाणी कंपनी पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही. त्याचं गणिती दळण करते, त्याला हॅशिंग म्हणतात. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. लॉग-इन करताना तुमचा पासवर्ड पुन्हा दळायचा आणि पीठ ताडून पाहायचं, बस्स. पण याहूची तेव्हाची चक्की होती एमडी-५, भलतीच वेगवान. चोर नेहमीचे लाखो पासवर्ड दळून क्षणात पीठ जुळवू शकतो. म्हणून दळणात प्रत्येकासाठी वेगळं मीठ (सॉल्ट) घालायचं आणि चक्की मुद्दाम संथ ठेवायची. फेसबुकने तर २०१९ मध्ये कबूल केलं की कोट्यवधी पासवर्ड आतल्या सर्व्हरवर न दळताच पडून होते.

चुलत्यांच्या प्रश्नाची मेख मात्र पुढेच आहे. पासवर्ड दळता येतो, कारण तो फक्त ताडायचा असतो. नाव, फोन नंबर, जन्मतारीख कंपनीला वाचावी लागते, म्हणून ती दळता येत नाही. याहूच्या चोरीत हेही गेलं. पासवर्ड बदलता येतो. जन्मतारीख कशी बदलणार?

आणि नेहमी गणितच मोडतं असंही नाही. २००५ साली आपल्या पुण्यातच, एम्फसिसच्या कॉल सेंटरमधल्या काहींनी सिटी बँकेच्या चार अमेरिकन ग्राहकांकडून पिन काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर लांबवले. कुलूप शाबूत होतं, माणूस फितूर होता.

मग काय, सगळं बंद करून बसायचं? ते होणे नाही. राजगड बघा. पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या, आणि त्यांच्या वर बालेकिल्ला. एक माची पडली म्हणून गड पडत नाही. आपणही तसंच करावं. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड. ई-मेल हा बालेकिल्ला, कारण बाकी सगळे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. त्याला दोन टप्प्यांचं लॉग-इन हवंच. आणि फॉर्ममध्ये जन्मतारखेपुढे लाल चांदणी नसेल, तर ती रकाना रिकामा ठेवण्याची मुभा आहे असं समजा!

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि चोरी झाली तर ती ग्राहकाला कळवण्याचं बंधनही. म्हणजे काकूंनी संध्याकाळी येऊन सांगायचं, हे आता कायद्यानेच लिहून ठेवलंय.

चुलत्यांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे कुठनं घावलं ते कळणारच न्हाई?" नाही, काका. म्हणूनच उद्या ह्या कंपन्यांत नोकरीला लागणाऱ्या आपण, चक्कीवर बसल्यावर एवढं लक्षात ठेवू या, की दळण वेल्ह्याच्या काकांचंही आहे.